वच्छलाबाईच्या आवाजाची डबी

दर्यापूरच्या बाजारात वच्छलाबाईचा आवाज एकेकाळी बस स्टँडपर्यंत ऐकू जायचा, असं लोक सांगतात. लोक सांगतात ते सगळंच खरं धरायचं नसतं, पण हे खरं होतं. बाईनं "मेथीऽऽ" म्हणून हाळी दिली की समोरच्या रांगेतले कांदेवाले आपली हाळी अर्ध्यात गिळून टाकत. माळ्याच्या घरी जन्मली, माळ्याच्याच घरी दिली, उभा जन्म भाजी पिकवण्यात आणि विकण्यात गेला. नवरा लवकर वारला तेव्हा दामिनी आणि रोहित या दोन लेकरांना तिनं त्या आवाजाच्या जोरावर मोठं केलं. आणि पुढं गेला तो नेमका आवाजच. घशात गाठ निघाली, नागपूरला मोठं ऑपरेशन झालं, स्वरयंत्र काढून टाकावं लागलं. बाई वाचली. श्वासासाठी गळ्याशी एक छिद्र राहिलं, त्यावर ती पांढरं फडकं बांधते. ओठ हलतात, शब्द निघत नाही.

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी धाकट्या रोहितनं मात्र एक शहाणपणा केला. तो पुण्याला कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. दवाखान्याच्या व्हरांड्यात माईक लावून त्यानं आईला मनसोक्त बोलू दिलं आणि ते बोलणं एका डबीत भरलं. डबी म्हणजे त्याच्या कंपनीतून भंगारात निघालेली एक पांढरी वस्तू. मोबाइलच्या चार्जरसारखी थेट भिंतीतल्या सॉकेटात खोचायची, अंगानं साबणाच्या दोन वड्यांएवढी, पण पोटात अख्खा कॉम्प्युटर. तिला एक स्पीकर जोडला आणि आकड्यांच्या बटणांची एक पाटी. बाईला लिहिता-वाचता येत नाही, म्हणून दामिनीनं बटणांवर रंगीत टिकल्या चिकटवल्या.

घराच्या ओट्यावर वच्छलाबाईचं भाजीचं दुकान पुन्हा लागलं. लाल टिकली दाबली की आवाज यायचा, "या ना बाई, ताजी मेथी हाय, पाला तं पाहा!" हिरवी दाबली की, "घ्यायचं तं घ्या, वांग्याले चिमटे नका काढू!" काळी टिकली बकऱ्यांसाठी होती. ती दाबली की असा काही दम निघायचा की बकरीच काय, कोथिंबीर फुकट मागणारे गिऱ्हाईकही दोन पावलं मागं सरायचं. निळी दाबली की नुसतं, "ए दामिनी!" दिवसातून कितीदा तरी. दामिनी चिडायची, कधी मुद्दाम ऐकलं न ऐकलं करायची. सोयाबीन खरेदीच्या केंद्रावर दिवसभर आकडे भरून आलेल्या लेकीनं आणखी किती हाका ऐकायच्या?

"डबी बंद करायची नाई आन् सॉकेटातून काढायची तं बिलकूल नाई," असं रोहितनं जाताना बजावलं होतं. त्यासाठी इन्व्हर्टरही बसवून दिला. सहा-सात वर्षं डबी एकसारखी चालू राहिली. हात लावला तर कोमट लागायची, आणि वच्छलाबाई येता-जाता हात लावायचीच.

यंदा दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खांडेनवमीला, दामिनी पहाटेपासून बाजारात झेंडू विकत होती. दसऱ्याच्या तोंडावर माळ्याच्या घरातल्या माणसाला बसायला उसंत नसते. दिवस कलताना ती परतली तेव्हा ओट्यावर तराजू, वजनं, विळा आणि खुरपं पुजून ठेवलेलं होतं. दरवर्षी ही पूजा दामिनी करायची, यंदा आईनं केली होती. भिंतीतल्या डबीलाही हळदकुंकवाचं बोट होतं, वर झेंडूचं फूल. पण डबीवरचे दिवे मेलेले होते. वच्छलाबाई तिच्याकडं पाठ करून बसली होती.

दामिनीनं लाल टिकली दाबली. काही नाही. मग निळी दाबली, मग काळी. टोपलीत तोंड घातलेल्या बकरीनं मानसुद्धा वर केली नाही.

"माय, लाइन गेल्ती का?"

आईनं काही खूण करायच्या आधी शेजारची गंगूबाईच बोलली. तिला तोंड उघडायला निमित्त लागत नाही. "अवं, दुपारी दोनदा गेली. आन् आली तं असा भपका आला का माहा पंखाच जळला! तुमचंबी जळलं असन."

वच्छलाबाईनं मान खाली घातली.

दामिनीनं रोहितला फोन लावला. त्यानं एकेक तपासायला सांगितलं. सॉकेटात मोबाइलचा चार्जर लावून पाहा. लावला, चालला. डबी दुसऱ्या सॉकेटात खोच. खोचली. हिरवा दिवा एकदा मिचकला आणि विझला. पुन्हा काढली, पुन्हा खोचली. पुन्हा एकदाच मिचकला. स्पीकर काढून पाहिला, बटणांची पाटी काढून पाहिली, डबी तासभर तशीच ठेवून पाहिली. फरक शून्य.

"जळल्याचा वास येऊन राहिला का?"

"नाई. पन गंगूमावशीचा पंखा जळला म्हनते."

दामिनीनं डबी नाकाशी धरून पुन्हा हुंगली.

"रोहित, तुयाजवळ हाय ना हे सगळं? दुसरीकडं कोठी ठेवलं असशीन ना?"

"लॅपटॉपमंधी होतं ताई," तो हळूच म्हणाला. "तो रेल्वेत चोरीले गेला नाई का? मले वाटलं, डबी तं चालूच हाय."

दामिनीला त्याचा असा राग आला की फोन भिंतीवर आपटावासा वाटला. पुण्याला बसून जगाची माहिती सांभाळणारा हा माणूस, आणि आईचा आवाज ठेवला एका भंगारातल्या डबीत! पण मग तिला स्वतःचाही राग आला. रोज ती त्या डबीशेजारून जात होती. एक पेन ड्राइव्ह लावावा हे तिला तरी कुठं सुचलं होतं? आणि "ए दामिनी" ऐकून आपण कपाळाला आठ्या घालायचो, हे आठवलं तेव्हा तिला रडूच फुटलं.

दसऱ्याला सगळी दुकानं बंद. लोक आपट्याची पानं घेऊन घरोघर फिरत होते. वच्छलाबाईनं सगळ्यांना सोनं दिलं, सगळ्यांच्या तोंडावरून हात फिरवला, पण दामिनीच्या नजरेला नजर दिली नाही. आई खचली आहे असं दामिनी समजली. असा समज करून घेतला की मोकळं, एवढं माणसांचं सोपं असतं तर काय हवं होतं?

तिसऱ्या दिवशी दोघी अकोल्याच्या बसमध्ये बसल्या. दामिनीनं एकटीच जाते म्हणून सांगितलं होतं, पण वच्छलाबाई डबी छातीशी धरून आधीच दारात उभी. रस्त्यावरच्या धुळीनं तिला ठसका लागत होता. गळ्यावरचं फडकं दाबून धरत ती दुसऱ्या हातानं डबी चाचपत होती. डबी गार होती.

रोहितच्या मित्रानं ज्याचा पत्ता दिला होता तो श्रावण म्हणजे अकोल्याच्या एका गल्लीत बोळकांडीएवढ्या दुकानात बसणारा, पन्नाशीचा, कपाळावर भिंग चढवलेला चिडका माणूस. कॉम्प्युटर आणि टीव्हीचे बोर्ड दुरुस्त करायचा. त्यानं डबीचे स्क्रू काढले, झाकण उचकटलं आणि कुंकू पाहून भुवई चढवली.

"पूजाबी केली काय इची?"

"दरसाल करतो," दामिनी म्हणाली.

आत दोन मजले होते. एका मजल्यावर घरची वीज घेऊन ती बारीक करून देणारा भाग, दुसऱ्यावर खरा कॉम्प्युटर. मीटरच्या तारा टेकवत श्रावण बराच वेळ हं-हं करत राहिला. मग त्यानं विचारलं, "झालं काय होतं?"

दामिनीनं सांगितलं. लाइन गेली, भपक्यानं आली, शेजारचा पंखा जळला.

"मंग कठीन हाय, ताई." त्यानं भिंग वर सरकवलं. "भपका आतपर्यंत गेला असन तं बोर्ड कोठी ना कोठी जळेल हाय. मीटरवर समदं दिसत नाई. अशा बोर्डाले बाहेरून करंट दिला तं उरलंसुरलंबी जळते. आवाज या चिपमंधी हाय." त्यानं नखाएवढ्या काळ्या चौकोनावर चिमटा ठेवला. "हे गरम हवेनं उचलून घ्यावं लागन, मंग दुसऱ्या मशिनीत वाचून पाहू."

"आन् उचलताना खराब झाली तं?"

"तं गेली. जुनी चिप हाय, मी खोटं नाई सांगत. एकच डाव हाय. तुमी सांगा, उचलू का?"

दामिनीनं रोहितला फोन लावला, तो मीटिंगमध्ये, उचलेना. तिनं आईकडं पाहिलं. वच्छलाबाई स्टुलावर बसून त्या काळ्या चौकोनाकडं टक लावून होती. एवढ्याशा जागेत आपली सगळी हाळी मावली, हे तिला आजच कळलं असावं.

"उचला," दामिनी म्हणाली. तिला तिचाच आवाज परका वाटला.

श्रावणनं गरम हवेची बंदूक चालू केली. ती घोंघावू लागली. त्यानं चिपेभोवती पिवळी पट्टी लावली, भिंग डोळ्यांवर घेतलं, एका हातात चिमटा घेतला आणि बंदूक खाली आणली.

वच्छलाबाईनं त्याचं मनगट पकडलं.

"अवं मावशी! भाजन ना हात!"

ती सोडेना. तिचे ओठ भराभर हलत होते, गळ्याच्या छिद्रातून नुसती हवा फसफसत होती. आईचे ओठ वाचायची दामिनीला सवय होती, पण एवढ्या घाईचं तिलाही समजेना. "माय, सावकाश. सावकाश सांग."

मग वच्छलाबाईनं हात सोडला आणि हातांनी सांगितलं. पदराचं टोक घेऊन पुसल्यासारखं केलं. अंगठ्याजवळच्या बोटानं हवेत कुंकू लावलं. फूल वाहिलं. मग भिंतीकडं हात नेला, मूठ आवळली आणि ओढली.

दामिनी बघतच राहिली. "पूजेसाठी तू डबी काढली होती? सॉकेटातून?"

बाईनं मान डोलावली. धुळीनं भरली होती, ओठांनी तिनं सांगितलं. तराजू घासला, विळा घासला, मग हिलाच मळकी कशी ठेवू? काढली, पुसली, पुजली, परत खोचली, आणि ती उठलीच नाही. लाइन तर त्याच्यानंतर गेली. रोहितनं बजावलं होतं. आता पोरं काय म्हणतील? म्हणून...

तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. तीन दिवस ती हे पोटात घेऊन बसली होती. दामिनीला रागावता आलं असतं. तिनं आईचा हात धरला फक्त.

श्रावणनं बंदूक बंद केली. त्याचा चेहराच बदलला होता.

"म्हंजे लाइन गेली तवा डबी आधीच मरेल होती? भपका आला तरी इचा दिवा लागेल नव्हता?"

वच्छलाबाईनं जोरजोरात मान डोलावली.

"अवं, मंग हे पयलेच नाई का सांगायचं! आता उचललीच असती मी!" तो खेकसला, पण खेकसण्यात आनंदच जास्त होता. त्यानं विजेचा मजला वेगळा काढून उजेडात धरला. वीज साठवणाऱ्या दोन बारक्या नळकांड्यांची डोकी फुगली होती. "हे पाहा. हे म्हातारे झाले. गरम हायेत तवरोक काम करत राहते. एकदा थंडे पडले का उठवत नाई. मानसाचंबी तसंच हाय, कामात हाय तवर ठीक, बसला का गुडघे धरते. हा वरचा मजला गेला, खालचा जित्ता असन."

"असन का हाय?"

"ते आता समजन."

खरा कॉम्प्युटर तेवढा बाजूला ठेवून त्यानं त्याला बाहेरच्या साध्या ॲडॉप्टरच्या दोन तारा जोडल्या. दुकानातला एक धुळकट स्पीकर लावला. बटण दाबण्याआधी त्यानं दोघींकडं पाहिलं. दामिनीनं डोळे मिटून घेतले.

"लागला दिवा," श्रावण म्हणाला.

हिरवा दिवा लागला होता, आणि विझला नव्हता. पण पुढं काही घडेना. गल्लीतून एक ऑटो गेला. चहावाला येऊन ग्लास ठेवून गेला, कोणी हात लावला नाही. निळा दिवा लुकलुकला, थांबला, पुन्हा लुकलुकला. "आतलं तपासून राहिली असन," श्रावण पुटपुटला.

स्पीकर खरखरला.

"आली का लाइन? आली ना? मंग काहून घाबरून राहिले रे? मी हावो ना इथंच."

दामिनीनं डोळे उघडले. हे कोणत्याच टिकलीचं वाक्य नव्हतं. आईचाच आवाज होता, थोडा हसरा, मागं दवाखान्यातली कोणाची तरी चप्पल वाजत होती, पण हे शब्द तिनं कधीच ऐकले नव्हते. सहा-सात वर्षं त्याच त्या चार वाक्यांत बोललेल्या आईच्या तोंडून आज नवं वाक्य निघालं होतं.

तेवढ्यात रोहितचा फोन आला. दामिनीनं रडत रडत त्याला ते सांगितलं. "अरे हो," तो म्हणाला. "मीच टाकलं होतं ते, डबी चालू झाली का वाजाले. मायले इचारलं, लाइन जाऊन आली का पयले काय म्हनशीन? तं हे म्हने. डबी कधी बंदच नाई झाली, ताई. मी इसरूनच गेलो."

वच्छलाबाईनं दामिनीचा पदर ओढला आणि ॲडॉप्टरच्या पिनेकडं बोट केलं. पुन्हा काढ, पुन्हा लाव.

"बिलकूल नाई!" दामिनी आणि श्रावण एकदमच ओरडले.

आधी श्रावणनं सगळं दोन पेन ड्राइव्हवर उतरवलं. एक दामिनीनं पर्समध्ये टाकला, दुसरा कनवटीला खोचला. एवढं झाल्यावर श्रावणनं पीन वच्छलाबाईच्या हातात दिली. "घ्या मावशी. आता काढा कितीबी डाव."

तिनं पीन काढली. दिवा विझला तसा दामिनीनं कनवटीचा पेन ड्राइव्ह चाचपला. बाईनं पीन लावली, पदरानं डोळे पुसले आणि स्पीकरकडं तोंड करून ताठ बसली. निळा दिवा लुकलुकत राहिला. मग आवाज आला, आणि त्याच्याबरोबर, एकेका शब्दाला, वच्छलाबाईचे ओठ हलले.

"मंग काहून घाबरून राहिले रे? मी हावो ना इथंच."

दामिनी समोर बसून आईला बोलताना बघत होती.