चित्रात अजून ऊन आहे

पॅरिसला निघाले त्या दिवशी घरातून बाहेर पडायलाच उशीर झाला. निपाणी मागे टाकून गाडी वेदगंगेच्या पुलापाशी आली आणि आईने ती थांबवायला लावली. आम्ही जैन, दिवस मावळल्यावर आमच्या घरात कुणी तोंडात घास घालत नाही. मग काय, नदीकाठी बसून भाकरी आणि शेंगाचटणी. सूर्य करंजाच्या कोवळ्या पालवीत अडकला होता, आप्पा त्याच्यावर लक्ष ठेवून होते आणि आई माझ्यावर.

"जेव गं बिगीबिगी. तिथंबी दिवस बुडायच्या आत जेवत जा."

मी हो म्हणून बसले. पॅरिसचा हिवाळा तेव्हा कुठे पाहिला होता! तिथे पाचलाच अंधारतं आणि मी ऑफिसातून सुटते सहाला. आईचा शब्द मोडवेना, म्हणून आख्खा हिवाळा उपाशी झोपले. व्हिडिओ कॉलवर आई म्हणायची, वाळलीस. मी सगळा दोष कॅमेऱ्याला द्यायचे.

वसंतात आई-आप्पा आले. मोठ्या हौसेने त्यांना म्युझियममध्ये नेलं. एका चित्रापाशी आई थबकली. नदीकाठ, फुलांनी लगडलेली झाडं, पाण्यावर उतरतं ऊन. जवळून बघावं तर नुसते रंगाचे फटकारे, चार पावलं मागे सरलं की पाणी हलायला लागतं. ही तर आपली वेदगंगाच, असं आप्पा म्हणाले; ते कुठल्याही नदीला तसंच म्हणतात. आई मात्र ते ऊन निरखत राहिली आणि मग एकदम माझ्याकडे वळली.

"थंडीत जेवतीस कवा?"

मग मला सगळं सांगावंच लागलं. आईचे डोळे भरून आले. बाहेरच्या दुकानातून तिने त्या चित्राची छापील प्रत घ्यायला लावली, आणि घरी येताच माझ्या जेवणाच्या टेबलासमोर स्वतःच्या हाताने लावली.

"आता कामावरनं आलीस की ह्याच्याकडं बघून जेवायचं. हितं अजून दिवस हाय."

आप्पा मिश्कील हसले. "आणि ह्याचं पाप कुणाच्या नावावर?"

"माज्या," आई म्हणाली आणि मला वाढायला लागली.

घर आता कुठलं वाटतं, असं गावाकडच्या मैत्रिणी विचारतात. निपाणीचंच वाटतं. पण त्याचा एक तुकडा इथे माझ्या भिंतीवरही आहे. आज बाहेर मिट्ट काळोख आहे आणि मी ताट वाढून घेतलंय. तिकडे आई केव्हाच जेवली, पण माझ्या फोनसाठी जागी आहे.

"ऊन हाय न्हवं चित्रात?"

"हाय की."

"मग जेव."