आमच्या व्याह्यांचे पूर्वज

आमच्या इंग्रज व्याह्यांचा मेलेल्या माणसांशी जितका घरोबा आहे, तितका उभ्या युनायटेड किंगडममध्ये दुसऱ्या कुणाचा नसेल. जिवंत नातेवाइकांचे वाढदिवस ते खुशाल विसरतात. पण दीड-दोनशे वर्षांपूर्वी गेलेल्या एखाद्या खापरपणजोबांचा बाप्तिस्मा कुठल्या चर्चमध्ये झाला विचारा, हातातला चहाचा कप खाली न ठेवता सांगतील. लेकीच्या लग्नाचं बोलायला आम्ही वॉटफर्डहून रीडिंगला त्यांच्या घरी प्रथम गेलो, तेव्हा मी हवामानावर चार वाक्यं तयार करून गेलो होतो. गृहस्थांनी हात मिळवला आणि विचारलं, "तुमच्या पणजोबांचे वडील काय करत?" मला पणजोबांचंच नाव आठवेना. "शेती," मी ठोकून दिलं. "स्वतःची की दुसऱ्याची?" असं विचारल्यावर मी घाईघाईने विहीणबाईंच्या केकची स्तुती सुरू केली. मुलीच्या बापाला मागचापुढचा काही पत्ता नाही, हे त्यांनी तेव्हाच ओळखलं; तरी मुलगी पसंत केली, हा त्यांचा मोठेपणा. 'व्याही' हा शब्द लेकीने त्यांना शिकवला. इंग्रजीत या नात्याला धड नावच नाही हे कळल्यावर ते हळहळले आणि तेव्हापासून मला नावाने हाक मारेनासे झाले. भर स्टेशनात "व्याही" म्हणून ओरडतात.

शनिवारी लोक खरेदीला जातात, हे कबरस्तानात जातात. गाडीत बादली, मऊ ब्रश, गुडघ्याखाली घ्यायची गादी आणि थर्मास. शेवाळ घासायचं, नाव वाचायचं, फोटो काढायचा आणि तिथल्याच बाकावर बसून सँडविच खायचं. एकदा कौतुकाने आम्हालाही "पिकनिकला" घेऊन गेले. बायकोने पहाटे उठून थालीपिठं लावली होती. पिकनिकची जागा पाहिल्यावर तिने डबा जो बंद ठेवला तो घरी येईपर्यंत. "अहो, मयताच्या जागी कसलं खायचं?" रीडिंगला परतल्यावर तिने कुणाशी न बोलता सरळ बाथरूम गाठली, डोक्यावरून पाणी घेतलं आणि मागोमाग मलाही आत ढकललं. विहीणबाईंनी लेकीला बाजूला घेऊन विचारलं, आईबाबांच्या घरचा बॉयलर बिघडलाय का? व्याह्यांनी मात्र लेकीकडून सगळं नीट समजून घेतलं आणि पुढच्या खेपेला कबरस्तानाच्या सामानात आमच्यासाठी दोन टॉवेल घातले.

इतरांना आपल्या वंशात एखादा लॉर्ड सापडावा असं वाटतं. यांना सुतारच हवे होते. गाड्यांची चाकं घडवणारे सुतार, बाप तसा बेटा, एकाच आडनावाचे आणि, व्याह्यांच्या मते, एकाच अंगठ्याचे. हा अंगठा त्यांनी मला अनेकदा दाखवला. मला तो चारचौघांसारखाच दिसला. पण नातू जन्मला तेव्हा ते त्याचा चेहरा पाहायच्या आधी दुपट्यातून अंगठा शोधत होते. या सगळ्या सुतारांत त्यांचं दैवत म्हणजे आजोबा. पहिल्या महायुद्धात दोन वर्षं घराचं तोंड न पाहता लढले, परत आले तेव्हा मुलगा, म्हणजे व्याह्यांचे वडील, तीन महिन्यांचा होता. म्हातारपणी याच आजोबांनी व्याह्यांना रंधा धरायला शिकवलं. ही कहाणी ते दर भेटीत सांगत.

गेल्या ख्रिसमसला त्यांनी डीएनए तपासणीच्या नळ्या आणल्या. कागदोपत्री सिद्ध झालेलं रक्ताने सिद्ध करायचं होतं. नळीत थुंकायच्या आधी अर्धा तास काही खायचं-प्यायचं नाही, म्हणून टेबलावर टर्की निवत पडली आणि सगळं घराणं, त्यात त्यांची ब्रिस्टलची सख्खी चुलत बहीणही, तोंडं मिटून भिंतीवरची वंशावळ बघत बसलं. "सणासुदीला थुंकायला लावतात," बायको मराठीत म्हणाली, आणि जावयाने प्रेमाने मान डोलावली.

दीड महिन्याने लेकीचा फोन आला. "बाबा, रिझल्ट आली. सासरे कझिनशी फक्त त्यांच्या आजीच्या साइडने मॅच होतात. आजोबांच्या साइडने झीरो. कोणीतरी वेगळेच सरनेमवाले लोक आले लिस्टमध्ये. त्यांनी वॉलवरचा ट्री काढून टाकला. संडेला बाळाचा नाव लिहिणार होते ना त्याच्यावर, ते पण कॅन्सल. म्हणतात, ही फॅमिली माझी नाहीच, मी बाळाला काय देऊ?"

मी फोन ठेवला आणि बायकोला सांगितलं. ती कणीक मळत होती. "मी पहिल्याच दिवशी मोजले होते महिने," ती म्हणाली. "पण व्याह्यांना कोण सांगणार?" मग हात धुऊन तिने कोट घातला.

आम्ही पोहोचलो तेव्हा व्याही स्वयंपाकघरात बसले होते. "वॉटफर्डला पाऊस आहे का?" त्यांनी विचारलं. हा माणूस हवामानावर बोलतोय म्हटल्यावर मला प्रकरण किती गंभीर आहे ते कळलं. मग ते म्हणाले, "चाळीस वर्षं मी दुसऱ्यांच्या कबरी घासल्या, व्याही."

मला फार वाईट वाटलं. असल्या वेळी काय बोलावं हे मला कधी सुचत नाही, म्हणून जे ठाऊक होतं ते सांगितलं. माझे आजोबा दत्तक होते. मूळचे दुसऱ्याच गावचे, दुसऱ्याच घराण्यातले. पाच वर्षांचे असताना त्यांना या घरात घेतलं, आडनाव बदललं, आणि पुढे रक्ताची कुणी चौकशी केली नाही. श्राद्ध आम्ही घालतो ते ज्यांनी घेतलं त्यांचं.

"त्याची नोंद कुठे सापडेल?" व्याह्यांनी विचारलं. जित्याची खोड.

"नोंद कसली? चार माणसांदेखत मुलाला मांडीवर घ्यायचं. झाला तो आपला."

"मांडीवर?"

"मांडीवर."

ते उठले, वर गेले आणि एक फोटो घेऊन आले. खुर्चीत एक शिपाई, अंगावर अजून लढाईतला गणवेश, आणि मांडीवर दुपट्यात गुंडाळलेलं मूल. एक हात मुलाच्या डोक्याखाली, अवघडलेला. "घरी परतले त्याच आठवड्यातला," व्याही म्हणाले. "पण चार माणसं नव्हती. फोटोग्राफर होता फक्त."

बायकोने फोटो खिडकीपाशी नेऊन पाहिला. तिचं इंग्रजी तिच्यापुरतं आहे, पण अडत नाही. "ही ऑल्सो काउंटेड मंथ्स," ती म्हणाली. "देन ही टुक हिम."

व्याह्यांनी खिशातून रुमाल काढून चष्मा पुसला, आणि बराच वेळ पुसला.

रविवारी आमच्या नातवाचं नाव त्या सुतारांच्या खाली लिहिलं गेलं. केक कापला, फोटो झाले. गाडी चालवत घरी येताना मला माझे आजोबा आठवत होते. त्यांना ज्या बाईने पाच वर्षं वाढवलं आणि एक दिवस दुसऱ्यांच्या मांडीवर दिलं, तिचं नाव आमच्या घरात कुणालाच माहीत नाही. कुणी कधी विचारलंही नाही. हे मी व्याह्यांना सांगितलं नाही, कारण दुसऱ्या दिवशी ते बादली-ब्रश घेऊन विमानतळावर उभे राहिले असते. हल्ली मात्र वाटतं, सांगून टाकावं.