टोपीचं लेबल

वाम्माला नावाच्या गावात कुणाच्या कपाटातून जुना लोकरी स्वेटर निघाला की तो इर्मेली हाउतालापुढे यायचा. गावातला कोइवुला विणकाम कारखाना बंद पडून जमाना झाला होता, पण त्याचे स्वेटर काही मरत नव्हते, आणि इर्मेली होती तोवर त्यांचं वय लपून राहण्याची सोय नव्हती. लेबल निळं असेल तर साठ सालाच्या आधीचं, तांबडं असेल तर नंतरचं, धुण्याच्या टबाचं चित्र आलं की सत्तर साल उजाडलं. लेबल झिजून गेलं असेल तर ती गळ्याची शिवण उलटून बघायची, पुढं लावायचे धातूचे आकडे नखानं वाजवायची आणि साल सांगून टाकायची. तिची आई कारखान्यात तपासणीच्या टेबलावर होती. जन्मभर पोस्टाच्या खिडकीत बसलेल्या इर्मेलीला हे सगळं तिच्याकडून मिळालं होतं. आई कमी बोलायची, तेवढं मात्र मिळालं नाही.

गुरुवारी चर्चच्या सभागृहात म्हाताऱ्यांची कॉफी असे. त्या गुरुवारी आउने रान्तामाकी नवऱ्याला, ताइस्तोला, घेऊन आली. तिच्या अंगात निळा स्वेटर, छातीवर पांढऱ्या चांदण्यांची नक्षी. गावच्या संग्रहालयात कारखान्याचे जुने स्वेटर मांडायचे होते, आणि इर्मेलीनं साल सांगितल्याशिवाय तिथं काही घेत नसत.

"अठ्ठावन्नचा आहे," ताइस्तो म्हणाला. "साखरपुड्याला मी दिला होता हिला. हेलसिंकीतल्या मोठ्या दुकानातून आणला."

एवढं तो महिन्याभरात बोलत नसे. टेबलाभोवतीच्या बायकांच्या बडबडीला ऊत आला.

"अगं बाई, ताइस्तोला वाचा फुटली!"

"हेलसिंकीचा! आमच्या ह्यांनी साखरपुड्याला कोयता दिला होता."

आउनेनं स्वेटर उतरवून दिला. इर्मेलीनं चष्मा चढवला, बाही उलटली, आकडे वाजवले, गळ्याची शिवण बोटानं चाचपली. लेबल निळंच होतं.

"अठ्ठावन्न. एक वर्ष इकडं नाही की तिकडं नाही," ती म्हणाली.

ताइस्तो लाजून कॉफीच्या कपात बघायला लागला. इथं थांबायचं. कुणीही शहाणं माणूस इथं थांबलं असतं, वेलचीच्या पावाचा तुकडा मोडून तोंडात टाकला असता. पण सगळे आपल्याकडे बघतायत म्हटल्यावर इर्मेलीला कधी थांबता आलंय?

"आता गंमत बघा," ती म्हणाली. "हे लेबल स्वेटरचं नाहीच. टोपीचं आहे. अरुंद आहे, वर मापाचा आकडा नाही. आणि टाके बघा, हातानं घातलेत, तेही मोजे रफू करायच्या दोऱ्यानं! आणि ही काखेतली चांदणी, एक ओळ कमी आहे. मागच्या दारचा माल आहे हा."

कारखान्यात ज्या कपड्यात खोट निघे, त्याचं लेबल कातरून टाकत आणि तो शनिवारी मागच्या दारानं स्वस्तात विकत. गावात हे पोराटोरांनाही ठाऊक होतं. बिनलेबलाचा स्वेटर घातलेली बाई त्या काळी चर्चमध्ये कोट काढत नसे.

शांततेचं या गावाला वावडं नाही, बस थांब्यावर माणसं तासभर न बोलता सुखानं उभी राहतात. पण या शांततेत जो तो आपापली बशी न्याहाळत होता. ताइस्तोचे कान लाल झाले. त्यानं टोपी उचलली आणि बाहेर गाडीत जाऊन बसला. आउनेनं स्वेटर परत घेतला, अंगात घातला, एकेक आकडा सावकाश लावला.

"कॉफी छान होती," ती म्हणाली आणि गेली.

तेव्हा कुठं इर्मेलीच्या डोक्यात उजेड पडला. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरी येऊन ती कोट न काढताच स्वयंपाकघरात बसून राहिली. ती लेबलं कातरायला कात्री असायची आईच्या हातात. गावात कोण काय घालून फिरतं हे आईला कारखान्यात सगळ्यांत जास्त माहीत, आणि तिच्या तोंडून कधी एका घराचं नाव निघालं नाही. इर्मेलीला आईची इतकी लाज कधी वाटली नव्हती. म्हणजे आईपुढे स्वतःची.

दुसऱ्या दिवशी ती पाव भाजून रान्तामाकींकडे गेली. ताइस्तो अंगणात लाकडं फोडत होता. आउनेनं न विचारता कॉफी ठेवली.

"मी चुकले, आउने."

"चुकलीस कुठं? बरोबरच तर सांगितलंस."

"मी त्याला सांगते की माझं चुकलं. कारखान्यात कधी कधी टोपीची लेबलं स्वेटरलाही लावायचे, असं सांगते."

"कुणाला सांगतेस? स्वतःच्या आईच्या टोपीचं काढून लावलंय त्यानं." आउनेनं कपात साखर टाकली. "मला लग्नाआधीपासून माहीत आहे. सासूबाई बिनलेबलाची टोपी घालून फिरायच्या, मी काय आंधळी होते? ते लेबल दोनदा सुटलं. दोन्ही वेळा मी ते परत लावलं, त्याच्यासारखेच वेडेवाकडे टाके घालून. तो बाहेर गेला की."

इर्मेलीनं ते टाके चष्मा लावून बघितले होते. एकाच हाताचे वाटले होते तिला.

"मला माहीत होतं, ते त्याला माहीत नव्हतं," आउने म्हणाली. "हेलसिंकीचा स्वेटर म्हणून साठ वर्षं दर हिवाळ्याच्या पहिल्या दिवशी तोच काढून द्यायचा मला. आज सकाळी मी घातला तर उठून बाहेर गेला. अजून आत आलेला नाही."

इर्मेलीनं कॉफी संपवली, कारण न संपवता उठणं आणखी वाईट दिसलं असतं. फाटकाकडे जायची वाट लाकडांच्या ढिगाशेजारूनच होती. ताइस्तोनं कुऱ्हाड टेकवली आणि टोपी काढली. मोठा सभ्य माणूस.

"इर्मेली," तो म्हणाला, "साल तरी बरोबर होतं ना?"

"बरोबर होतं," ती म्हणाली. तिला मान वर करवेना.