पाव्हण्यांचं ताट

काशीकाकू मटण कापायची ते तोंड फिरवून. गोठ्यात बसायची, पदर नाकाला, डोळे भिंतीकडं, अन् हात इकडं इळीवर चालू. तोंडानं हरिपाठ. एकदा बोटच कापलं. मी म्हणलं, "काकू, मांजराच्या पिल्लांनी आज माळकऱ्याचं रगत बी खाल्लं. आता एकादशी धरत्याल."

"धरू दे मुडद्या. तू तर कधी धरली न्हाईस."

तिच्या गळ्यात तुळशीची माळ व्हती, लगीन होऊन आली तवापासून. अंड्याचं टरफल पायाखाली आलं तरी आंघोळ करणारी बाई. अन् शेजारी कोण, तर मी. जाफराबाद-भोकरदन जीप चालवतो. रविवारी खाटकाच्या दुकानापुढं पहिला नंबर माझा. माझी बायको मटणाला हात लावत न्हाई, मीच शिजवतो. म्हणून आमच्या गल्लीतलं कुत्रं बी माझं मटण इच्यार करून खातं.

झालं आसं की काकूच्या गोठ्यात कडब्यामागं मांजर व्यालं, अन् पिल्लं चांगली खेळायला लागल्यावर ते मांजर रोडवर ट्रकखाली गेलं. काकूनं पिल्लांना म्हशीचं दूध पाजलं. पोटं बिघडली. एक मेलं. ऱ्हायलेली पदरात घेऊन ती माझ्या जीपमधी येऊन बसली. जनावराच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरनं पिल्लांची तोंडं उघडून पाहिली अन् म्हणला, "आजी, दूध बिलकुल बंद करा. दात आलेत. ताजं मटण बारीक करून द्या, न्हाईतर ही बी जातील."

घरापुढं उतरल्यावर काकू म्हणली, "इष्ण्या, उद्या येताना आणशील का?"

"काय?"

"ते."

मटण हा शब्द तिच्या तोंडातून कधी निघालाच न्हाई. शेवटपत्तर 'ते'च.

मी शहाणपणा केला. म्हणलं, "काकू, मी शिजवून देतो, मऊ पडंल." तर माझ्यावरच भडकली. "तुझ्या हातचं खाऊन मरायची असती तर दवाखान्यात कशाला नेली?" मंग म्हणलं, तू शिजव. तवा तिनं मला कायदा सांगितला. "शिजवलं म्हंजे म्या सयपाक केला. माझी चूल बाटली. कच्चं देलं म्हंजे नुसतं वाढलं. पाव्हण्याला त्याचं ताट द्यावं, आपलं न्हाई. माळ माझ्या गळ्यात हाय, त्यांच्या न्हाई."

हा कायदा मला काही समजला न्हाई, पण पिल्लांना बराबर समजला. खिम्याचे बारके बारके गोळे, मधी कलेजीचा तुकडा, अन् काकूची हाक, "या पाव्हणं, बसा." पिल्लं गरगरीत झाली. खाऊन झालं की काकू इळी राखेनं घासणार, कडाक्याच्या थंडीत बी गार पाण्यानं आंघोळ करणार, मंगच देवापुढं जाणार. आंघोळीचं ऐकूनच मला सर्दी व्हायची.

तिचा पोरगा भास्कर त्या साली सप्त्याचा अध्यक्ष झाल्ता. त्याला हे सहन होईना. "माय, ती पिल्लं अंकुशनगरला साखर कारखान्यावर सोडून येतो. लोक नावं ठेवून राह्यले."

"कोण ठेवतंय?"

"सगळेच."

"त्यात तू बी आलास का?"

तो चप्पल घालून बाहेर गेला.

काल्याच्या पंगतीची कणीक काशीकाकूनं मळायची, हे गावात ठरलेलं. तिला लुगड्याची हौस न्हाई, देवदेव करत फिरायची न्हाई. सालभर ती त्या एका परातीची वाट पाहायची. त्या दिशी सकाळीच बसली, कोपरापत्तर हात कणकीत. तेवढ्यात भास्कर आला, मागं मंडळाचे चार लोक.

"माय, ऊठ."

"का रं? अजून मळायची हाय."

भास्कर खाली पाहून म्हणला, "तुझ्या हाताचं चालत न्हाई म्हणत्यात."

मी तिथंच व्हतो, वाढपी म्हणून, वरणाची बकेट धरून. मी वरडलो, "आरं, ते मटण मी आणत व्हतो! तिनं जन्मात चाखलं न्हाई, मी तर दर रविवारी हाणतो! उठवायचं तर मला उठवा!"

सगळा मंडप खदाखदा हसला. "इष्ण्या, लई नंबरी हायस लेका!" एकानं पाठीवर थाप मारली अन् दुसऱ्या हातात ताकाची बकेट बी देली. उभा जन्म मी नुसती मस्करी केली. एक दिवस सरळ बोललो, तर गावाला तीच सगळ्यात भारी मस्करी वाटली.

काकूनं बोटाची कणीक खरवडून परातीत टाकली, एक कण बी हाताला ठेवला न्हाई. अन् उठून गेली.

सप्ता उठल्यावर तिनं मला बोलावलं. माळ काढून फडक्यात बांधून ठेवल्ती. "आपल्या सप्त्याच्या महाराजांना नेऊन दे."

"काकू, येडी झालीस का?"

"सप्तावाल्यांना इच्यारून घालायची, तर ती त्यांचीच झाली. मला कशाला?"

मी नेऊन देली. महाराजांनी फडकं कपाळाला लावलं, खिशात घातलं. का म्हणून इच्यारलं बी न्हाई. काकूचा हरिपाठ चालूच व्हता, पिल्लांचं ताट बी चालूच. नुसता गळा मोकळा. पाणी भरायला गेली की बाया आधी तिचा गळा पाहायच्या, मंग तोंड.

कापूस वेचायच्या दिवसांत ती तापानं गेली. पिल्लं तवा मोठी झाल्ती, भास्करच्याच कापसातले उंदीर धरत व्हती. मी फेरीवरून येईपत्तर भास्करनं जाफराबादहून नवी माळ आणून तिच्या गळ्यात घातल्ती. टाळ-मृदंग घेऊन सगळे आल्ते, कणकीवरून उठवणारे बी.

मी भास्करला बाजूला घेतलं. "आरं, तिनं काढून देल्ती ना ती."

"इष्णूभाऊ, मयतीत तरी गंमत करू नका."

सरणापुढं महाराज बोलायला उभे राह्यले. माझ्याकडं पाहिलं, मंग लोकांकडं पाहिलं. "माळ सांभाळावी तर आशी. माउलीनं मरेपत्तर गळ्यातून उतरू देली न्हाई."

लोकांनी माना हलवल्या. मी बी हलवली. मान हलवायला शाळा लागत न्हाई.