चार भिंतींबाहेरचं इंग्रजी

आमच्या दिग्रसजवळच्या ज्युनिअर कॉलेजात बाकीचे विषय वर्गात शिकवतात, इंग्रजी तेवढं कडुलिंबाखाली. पाऊस असला तरी पोरं अर्धी भिजत व्हरांड्याच्या कडेला उभी राहून इंग्रजी ओरडत असतात. हे खूळ अपेक्षा राठोड मॅडमचं. मी मराठीचा मास्तर. माझा वर्ग झाडाच्या अगदी शेजारी, त्यामुळे माझ्या कवितेला रोज इंग्रजीची फोडणी बसायची. मी दोन-तीनदा जाऊन भांडलोही. मॅडम शांतपणे ऐकून घ्यायच्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा झाडाखालीच.

स्टाफरूममध्ये त्या मराठीत मनमुराद गप्पा मारायच्या, प्राचार्यांची नक्कलही करायच्या. पण छपराखाली कुणी इंग्रजीतून काही विचारलं, की उत्तर मराठीत, नाहीतर नुसती मान हलवून. आता बोला, इंग्रजीची बाई आणि खोलीत इंग्रजीचा एक शब्द नाही! पोरांनी त्यांचं नाव 'मैदानी मॅडम' ठेवलं होतं. मला ते फार आवडलं होतं.

एकदा दिग्रसच्या स्टँडवर एस.टी.ची वाट बघत बसलो असताना त्यांनी आपणहून सगळं सांगितलं.

मॅडम बंजारा तांड्यावरच्या. घरात गोरबोली, शाळेत मराठी, आणि इंग्रजी आलं ते गाइडातून. दहावीला सर म्हणाले, निबंध पाठ करा, अर्थाच्या मागे लागू नका. त्यात एक निबंध होता, अनाथ मुलीचं आत्मवृत्त. अपेक्षा तो रोज संध्याकाळी घरात मोठमोठ्यानं घोकायची. 'माय मदर इज नो मोअर. आय ॲम अलोन इन द वर्ल्ड.' तिची आई भुरीबाई, म्हणजे त्यांच्या बोलीत याडी, चुलीपाशी भाकरी थापत ऐकत बसायची. लेक थांबली की म्हणायची, आणखी एकदा म्हण.

"अर्थ मले अर्धा-मुर्धा समजे, सर," मॅडम म्हणाल्या. "पन गाइडातलं कोनी खरं मानते का?"

घरात अभद्र बोलू नये, घर तथास्तु म्हणत असतं, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण हा नियम इंग्रजीलाही लागतो, हे कुणाच्या डोक्यात येणार?

कार्तिकात कापूस वेचताना भुरीबाईंना साप चावला. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. मार्चमध्ये बोर्डाच्या पेपरात नेमका तोच निबंध आला. पोरीनं तो एकही चूक न करता लिहिला आणि इंग्रजीत शाळेतून पहिली आली. सत्कारही झाला, हार घालून.

पुढे अमरावतीला विद्यापीठात एम.ए.ला सेमिनार द्यायची वेळ आली, की ती तोंडच उघडायची नाही. ग्रामीण मुलींना न्यूनगंड असतो, असं एक प्राध्यापक तिच्यादेखत म्हणाले. तिनं त्यांना तेच खरं मानू दिलं. हॉस्टेलबाहेरच्या रस्त्यावर चालत मात्र ती तासन्‌तास इंग्रजी बोलायची. उघड्या आभाळाखाली बोललेलं कुणी ऐकत नाही, असा तिचा हिशेब. मैदानी मॅडम म्हणून मी फिदीफिदी हसलो होतो, त्याची लाज वाटली.

यंदा आमच्याकडे इंग्रजीची कायम जागा निघाली. इतकी वर्षं तासिका तत्त्वावर राबलेल्या मॅडमना ती मिळायलाच हवी होती. अट एकच होती. समितीसमोर वर्गात शिकवून दाखवायचं, दार लावून, प्रोजेक्टरवर.

"मी नाही जात," मॅडम म्हणाल्या. "आता घरी बापूच उरले हायेत. तोंडातून काय निंघन, काय भरोसा?"

माझं डोकं सटकलं. एवढं शिकून असलं काही धरून बसता, म्हणून मी नको तेवढं बोललो. त्या शांतपणे म्हणाल्या, "शिकल्यानं भेव जाते का, सर?"

रविवारी मी तडक तांड्यावर गेलो. त्यांच्या वडिलांनी, नेमसिंगभाऊंनी, बाजेवर बसवलं. मॅडम चहा घेऊन दारात उभ्या राहिल्या. त्यांच्याकडे न बघता मी म्हाताऱ्याला सारं सांगून टाकलं. त्यानं लेकीकडे बघितलं.

"तिच्या याडीनं त्याचा अर्थ इचारला होता, सर," तो म्हणाला. "बजारात शाळेचे मास्तर भेटलते. पोरगी रोज काय म्हनते, इचारलं. त्याईनं सांगून देल्लं."

"मग?"

"हासली. घरी येऊन मले म्हने, पोरगी रोज मले मारून राह्यली, पन कशी फाडफाड बोलते! म्या म्हनलं, थांबव तिले, घरात असं बोलू नाही. तं म्हने, आता टोकलं तं तिचं तोंड कायमचं बंद होईन. बोलू दे, मले काही होत नाही."

"बापू, मले काहून नाही सांगतलं?" मॅडमचा आवाज फुटला.

"तू कधी इचारलंच नाही, बेटा. मले वाटे, तू इसरली."

आता यांचं ओझं उतरेल, असं मला वाटलं. मास्तर लोकांना असं फार लवकर वाटतं. मॅडम एवढंच पुटपुटल्या, "तिले मालूम होतं. अन् तरी रोज ऐकत बसे."

मंगळवारी त्या वर्गात गेल्या. दार लागलं. मी व्हरांड्यात खिडकीखाली उभा. पाठ होता कुटुंबाची ओळख करून देण्याचा. मग त्यांचा आवाज आला, झाडाखाली यायचा तसाच खणखणीत.

"माय मदर्स नेम इज भुरीबाई. शी इज ॲट होम. शी इज मेकिंग भाकरी. शी इज वेटिंग फॉर मी."

समितीतले एक जण कौतुकानं 'व्हेरी गुड' म्हणाले. मॅडम पुढे बोलेनात. कुणीतरी तथास्तु म्हणायचं बाकी असल्यासारख्या थांबल्या होत्या. खोटं कशाला सांगू, मीही भिंतीला कान लावून उभा होतो.

जागा त्यांनाच मिळाली. पेढे वाटून झाल्यावर मी अभिनंदन केलं, तेव्हा त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "त्या दिवशी पाठ संपला अन् मी थेट घरी गेलती, सर. चुलीपाशी कोनी बसून दिसलं. मी दारातूनच हाक मारली, याडी म्हनून."

"मग?"

"बापू होते. भाकरी थापत होते."