वाडीला आलेलं डोंग्याचं इंजिन

इंजिन असलेली कुठलीही वस्तू नागपूरला लागून असलेल्या आमच्या वाडीत दुरुस्त होते, असा वाडीच्या लोकांचा समज आहे. ट्रक, टेम्पो, जनरेटर, एकदा तर लग्नातलं उसाच्या रसाचं मशीनसुद्धा. मी तिथेच राहतो आणि एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात बुकिंगला बसतो, त्यामुळे माझाही तोच समज होता. मग आम्ही होडीचं इंजिन आणलं.

होडी म्हणजे आमच्याकडचा डोंगा. आम्ही धीवर. नागपूरपासून तासाभरावर एक धरण आहे, तिथे वडिलांनी जन्मभर डोंगा वल्हवून जाळी टाकली. मग त्यांचा उजवा खांदा गेला. रामदासपेठेतल्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडासमोर धरला आणि वल्हं बंद म्हणून सांगितलं. आई गेल्यापासून वडील गावात एकटेच. आमच्याकडे राहायला या, असं बायकोने आणि मी त्यांना इतक्या वेळा सांगितलं की आम्हालाच त्याचा कंटाळा आला. त्यांचं उत्तर ठरलेलं होतं.

"तुह्याकडं येऊन बसलो तं लोक म्हणतीन, बुढा थकला. पाणी सोडलं बुढ्यानं."

लोक म्हणजे काठावरचे चार म्हातारे डोंगेवाले, त्यातल्या दोघांना नीट दिसतही नाही. पण वडिलांचा जीव त्या चौघांच्या मतात अडकलेला. हा माणूस वल्हं सोडेना आणि घरीही येईना. एखाद्या दिवशी वाऱ्यात, पाण्याच्या मधोमध त्यांचा खांदा धरेल आणि मला ते फोनवर कळेल, ही भीती माझ्या डोक्यातून जात नव्हती. शेवटी मी हात टेकले. सदरमधल्या एका पंपाच्या दुकानदाराकडून डोंग्याच्या मागे लावायचं कोरं करकरीत इंजिन मागवलं.

काठावर इंजिनाला हळदकुंकू लागलं, नारळ फुटला. इंजिन पहिल्याच ओढीला सुरू झालं. डोंगा मोठ्या थाटात निघाला आणि मधोमध जाऊन बंद पडला. या इंजिनाची पेट्रोलची टाकी वेगळी असते, एक लाल डबा, त्यातून रबरी नळी इंजिनात जाते. वडिलांनी झाकण उघडून पाहिलं, पेट्रोल होतं. झाकण लावलं, दोरी ओढली, इंजिन सुरू. जरा पुढे गेलं, पुन्हा बंद. शेवटी ते नवं इंजिन शोभेला मागे लटकवून, दुखऱ्या खांद्याने वल्हं मारत परत आले. काठावरचे चौघे फार समाधानाने बघत होते.

मी इंजिन वाडीला आणलं. सोबत वडीलही आले, कारण इंजिन त्यांचं होतं.

गोदामामागे पाण्याने भरलेल्या ड्रममध्ये इंजिन उभं केलं. ट्रकच्या मिस्त्रीने त्याच्याभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाला, "भाऊ, एअर लॉक आहे. नळीत हवा अडकली." ट्रकच्या मिस्त्रींचं असंच असतं. माणसाला उचकी लागली तरी ते एअर लॉकच सांगतील. पेट्रोलमध्ये पाणी तर नाही ना म्हणून त्याने टाकीचं झाकण काढून बाजूला ठेवलं, कारण त्याला सारखं आत हुंगून बघायचं होतं. इंजिन सकाळपासून जेवणाच्या सुट्टीपर्यंत न थांबता चाललं. ड्रममधलं पाणी कोमट झालं. एक ड्रायव्हर म्हणाला, "इंजिन बराबर आहे. तुमच्या धरणाच्या पाण्यातच फॉल्ट असन."

इंजिन धरणावर परत गेलं आणि मधोमध बंद पडलं.

पुढे हा क्रमच झाला. वाडीत चालायचं, धरणात बंद पडायचं. प्लग बदलला, कार्बोरेटर धुतला, नळी बदलली, फिल्टर बदलला. मी दुकानदाराला फोनवर असं काही बोललो की त्याने फोन बायकोच्या हातात दिला. त्या बाईंनी मला आधी नाव विचारलं, मग चहा घेतला का विचारलं, आणि माझं सगळं अवसान गेलं.

दर वेळी वडील इंजिनासोबत यायचे आणि दुरुस्ती होईपर्यंत राहायचे. ड्रमशेजारी खुर्ची टाकून उन्हात बसायचे. ड्रायव्हर लोकांना मरळ ताजी कशी ओळखायची ते शिकवायचे. गावाकडे दोन घासांत उठणारा माणूस आमच्याकडे तिसरी भाकर मागू लागला. बायको सासऱ्यांकडे बघत मला म्हणाली, "मामाजीची तब्येत सुधरून राहिली, पाहिलं का?" मी म्हटलं, इंजिनाची सुधरली असती तर बरं झालं असतं. मला तेव्हा दुसरं काही सुचतच नव्हतं.

शेवटी वैतागून एका रविवारी मी स्वतः वडिलांसोबत डोंग्यात बसलो. इंजिन ठरल्याप्रमाणे मधोमध बंद पडलं. मी लाल डब्याकडे पाहिलं, तर त्याच्या बाजू आत खेचल्या गेलेल्या. झाकण जरा सैल केलं तसा सुस्स आवाज झाला आणि डबा पुन्हा फुगला. झाकणाच्या डोक्यावर एक बारका स्क्रू होता, हवा आत जाण्यासाठी. तो घट्ट आवळलेला होता. तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं तर तेल धड येत नाही, हवेसाठी दुसरं पाडावं लागतं, हे आमच्या घरात कोणालाही माहीत आहे. इंजिन एवढे दिवस हवेसाठी तडफडत होतं आणि आम्ही त्याची नळी बदलत होतो. वाडीत झाकणच उघडं असायचं, म्हणून ते चालायचं.

मी स्क्रू सैल केला. इंजिन एका दमात पलीकडच्या काठापर्यंत गेलं. मला इतका आनंद झाला की मी एकटाच ओरडलो.

जाळ्याशी थांबलो. मी जाळं ओढायला वाकलो, आणि वळून पाहतो तर वडिलांचा हात झाकणावर. ते स्क्रू आवळत होते.

"बाबा, हे काय करून राहिले?"

"उन्हानं पेट्रोल उडते."

नागपूरच्या उन्हात काहीही उडू शकतं, त्यामुळे हे एरवी मला पटलं असतं. पण पूस महिना होता आणि आम्ही दोघेही स्वेटर घालून बसलो होतो. मी ते त्यांना दाखवून दिलं.

वडील बराच वेळ जाळ्यातली काडी सोडवत राहिले. "मले मालूम आहे तो इस्क्रू," मग म्हणाले. "दुकानदारानं सांगतलं होतं. पयल्या दिवशी खरंच इसरलो होतो."

"अन् मंग?"

"मंग तुह्या घरी राहून आलो." काडी निघाली, ती त्यांनी पाण्यात टाकली. "इंजिन बिघडलं का येता येते गा. असाच आलो तं..." ते काठाकडे बघत राहिले. चौघे तिथे बसलेलेच होते.

आधी मला राग आला. मिस्त्री, दुकानदार, त्याची बायको, धुतलेला कार्बोरेटर, सगळं आठवलं. पण तो टिकला नाही. हा माणूस माझ्या घरी यायला कारण शोधत होता, आणि मी दर वेळी ते कारण दुरुस्त करून त्याला परत पाठवत होतो. मला फार वाईट वाटलं.

येताना काठाच्या बरंच अलीकडे मी चालतं इंजिन बंद केलं आणि वल्हं हातात घेतलं. चौघांपैकी एकाने लांबूनच विचारलं, "काहून गा, पुन्हा बिघडलं का?"

"बिघडलं," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं. "या बारीनं काम मोठं आहे. बाबाले वाडीलेच राहा लागते आता. त्याईच्याशिवाय ते इंजिन कोणालेच समजत नाही."

वडिलांनी माझ्याकडे पाहिलं नाही. जाळं गोळा करत हळूच म्हणाले, "मंग कपडे जास्त घ्या लागतीन."

"सगळेच घ्या," मी म्हटलं.