मोजणीकाकांचं एक ‘हं’

रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत सगळे त्यांना मोजणीकाका म्हणत. एकतीस वर्षं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून त्यांनी पांढऱ्या पेशी मोजल्या होत्या. मग नवं मशीन आलं, ते चालवणारी मुलगी आली आणि काकांचा जीव जळायला लागला.

संधिवात झालेल्या लहान मुलांच्या सांध्यांतलं पाणी तपासायला येई. काका सांगत, पेशी किती. मशीनवाली सांगे, त्यांतल्या सांध्यावर तुटून पडणाऱ्या किती, त्यांना आवर घालणाऱ्या किती, मागच्या खेपेपासून काय बदललं. काकांना त्या जन्मभर सारख्याच दिसल्या होत्या! डॉक्टरबाई आल्या की थेट मशीनकडे. काकांच्या वाट्याला नुसतं, “काय काका, बरं ना?”

त्या सकाळी सहा वर्षांच्या चिमुरडीच्या गुडघ्यातलं पाणी आलं. नळीत जेमतेम दोन बोटं.

“काका, तुमची मोजणी मी लावते. पातळ करायला हीच बाटली ना?” मशीनवालीनं विचारलं.

तिच्या हातात रक्तासाठीची, आंबूस वासाची बाटली. सांध्याचं पाणी त्या औषधात नासतं, त्याला साधं मिठाचं पाणी लागतं, हे काकांना झोपेतही ठाऊक होतं.

“हं,” ते मान वर न करता म्हणाले. होऊ दे एकदा फजिती.

एखादा थेंब जाईल, असा त्यांचा हिशेब. तिनं मशीनच्या सवयीनं निम्म्याहून जास्त पाणी त्यात ओतलं. नासक्या दुधासारख्या गाठी झाल्या.

“अगंबाई! काका, हे काय हो?”

तेवढ्यात चिमुरडीची आई दारात आली. “ताई, परत सुई नाही ना? मघाशी टोचताना पोर माझ्या हाताला चावलीय.”

मागोमाग डॉक्टरबाई. “कुणी केलं हे?”

“माझ्याकडून झालं,” मशीनवाली म्हणाली. काकांचं नावही घेतलं नाही.

म्हणजे यातही हीच मोठी! काका तडकले.

“तिनं मला विचारलं होतं. मी हं म्हटलं.”

“तुम्ही? चुकून?”

“चुकून कसलं. कळत होतं मला.”

डॉक्टरबाईंनी नळी उजेडाला धरून पाहिली. म्हणाल्या, “उरलंय ते एकालाच पुरेल. तुम्हाला, नाहीतर मशीनला.”

“मशीनला द्या. ते मोजूनही देईल.” काकांनी सूक्ष्मदर्शक बाजूला सारला. “आणि त्या माउलीला सांगा, सुई नाही म्हणून.”

थोड्या वेळानं मशीनवालीनं हाक मारली, “काका, या ना, पेशी बघा.”

काका उठले नाहीत. कान मात्र तिकडेच होते.